हवेवर गाडी थांबवणारा माणूस

जुहूला ट्रेनने येणाऱ्यांपैकी बहुतेकांना पार्ले किंवा अंधेरी स्टेशन चुकत नाही. खचाखच भरलेली बारा डब्यांची लोकल धडधडत प्लॅटफॉर्मला लागते आणि अगदी ठरल्या जागी थांबते. आपलं सगळं लक्ष आत घुसण्यात! एवढं वजन थांबलं कसं, हा प्रश्न मेकॅनिकलवाल्यांनाही पडत नाही. ज्याला तो पडला आणि ज्याने त्याचं उत्तर शोधण्यात उभी तरुणाई घातली, त्या जॉर्ज वेस्टिंगहाऊसची ही ओळख.

जॉर्जचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल ब्रिज या खेड्यातला. वडील शेतीची यंत्रं बनवायचे. पोराचा जीव वह्यापुस्तकांपेक्षा वर्कशॉपमध्ये जास्त रमायचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तो आधी लष्करात आणि मग नौदलात होता. परत आल्यावर युनियन कॉलेजात नाव घातलं, पण काही महिन्यांतच कॉलेजला रामराम ठोकला. १८६५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याच्या नावावर पहिलं पेटंट होतं! (मित्रांनो, लगेच बॅगा भरू नका. कॉलेज सोडलं तरी त्याने अभ्यास सोडला नव्हता.)

१८६६ च्या सुमारास त्याने दोन मालगाड्यांची टक्कर पाहिली. लख्ख दिवस, सरळ रूळ, दोन्ही ड्रायव्हरना समोरची गाडी दिसत होती, पण थांबवता आली नाही. कारण त्या काळी ड्रायव्हरने शिटी द्यायची आणि प्रत्येक डब्यावरच्या ब्रेकमनने हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचे, अशी रीत होती. मालगाडीवर तर हे लोक टपावरून पळत एका डब्यावरून दुसऱ्यावर उड्या मारायचे. बर्फात, पावसात, रात्रीसुद्धा. त्यात किती जण खाली पडून मेले, अपंग झाले.

जॉर्जच्या डोक्यात एकच किडा वळवळू लागला. ड्रायव्हरने एका जागी बसून सगळ्या डब्यांचे ब्रेक लावायचे कसे? साखळी लावून पाहावी, तर लांब गाडीला ती पुरेना. वाफ न्यावी, तर मागच्या डब्यांपर्यंत पोचता पोचता तिचं पाणी! मग एका मासिकात त्याने वाचलं की आल्प्समधल्या माँ सेनी बोगद्याच्या कामावर खडक फोडणारी यंत्रं लांबवरून आणलेल्या दाबाच्या हवेवर चालतात. झालं! १८६९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने एअर ब्रेकचं पेटंट घेतलं आणि पिट्सबर्गला कंपनी काढली.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही शोधकाची असते. खरी गंमत पुढे आहे.

त्याचा पहिला ब्रेक साधा होता. इंजिनावर हवेची टाकी, तिथून शेवटच्या डब्यापर्यंत पाइप. ड्रायव्हरने हवा सोडली की ब्रेक लागायचे. माल खपत होता, पैसा येत होता. पण या रचनेत एक खोट होती. मधेच पाइप फुटला किंवा कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे झाले, तर मागच्या डब्यांना हवाच पोचणार नाही. म्हणजे ब्रेकची गरज सगळ्यांत जास्त असताना नेमका ब्रेकच गायब!

दुसरा कोणी असता तर त्याने पाइप जाड केला असता आणि विक्री चालू ठेवली असती. वेस्टिंगहाऊसने १८७२ मध्ये स्वतःचाच खपणारा माल बाद ठरवला आणि सगळं गणित उलटं केलं. आता पाइपमध्ये हवा कायम भरलेली ठेवायची. प्रत्येक डब्याखाली हवेची छोटी टाकी आणि एक तिहेरी झडप. पाइपमधला दाब टिकून आहे तोवर ब्रेक मोकळे. दाब उतरला, की झडप त्या डब्याच्याच टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये सोडते. मग दाब ड्रायव्हरने उतरवलेला असो नाहीतर पाइप तुटून उतरलेला असो. गाडी तुटली तर दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. ज्याला आपण फेल-सेफ म्हणतो आणि परीक्षेत दोन मार्कांसाठी लिहितो, तो हाच फंडा. आज आपल्याकडच्या एअर ब्रेकच्या गाड्यांत ब्रेक पाइपमध्ये साधारण ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब ठेवतात, तो याच कारणासाठी.

हा बदल किती मोलाचा होता, हे १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्मा इथे दिसलं. सहलीला निघालेली गाडी चढावर अडकली, म्हणून तिचे दोन भाग केले. गाडीला ब्रेक होते, पण ते आपोआप लागणारे नव्हते. मागचे डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. अमेरिकेत असा कायदा १८९३ मध्ये आला.

वेस्टिंगहाऊस मात्र १८७२ लाही थांबला नव्हता. १८७८ मध्ये इंग्लंडात डग्लस गॅल्टनबरोबर केलेल्या चाचण्यांत दिसलं, की चाक पूर्ण जाम होऊन घसरू लागलं तर गाडी लवकर नाही, उलट उशिरा थांबते. १८८६-८७ च्या चाचण्यांत पन्नास डब्यांच्या मालगाडीने त्याला पुन्हा धडा शिकवला. पुढच्या डब्यांचे ब्रेक आधी लागायचे आणि मागचे डबे त्यांच्यावर धडाधड आदळायचे. त्याने पुन्हा झडप बदलली, जेणेकरून ब्रेकचा इशारा मागपर्यंत झपाट्याने पोचेल.

याच माणसाने पुढे विजेतही उडी घेतली. एडिसन डीसीचा, हा एसीचा. १८८८ मध्ये त्याने टेस्लाची पेटंटं घेतली, १८९३ मध्ये शिकागोचं प्रदर्शन एसीवर उजळलं आणि पाठोपाठ नायगाराची वीज आली. आपली चर्चगेट-विरार लाइन मात्र २०१२ पर्यंत डीसीवरून एसीवर यायचं काम पुरं करत होती! शेवट काही सुखाचा झाला नाही. १९०७ च्या मंदीत त्याची वीज कंपनी कर्जात बुडाली आणि ताबा हातून गेला. १९११ चं एडिसन पदक मात्र त्यालाच मिळालं, हा नियतीचा विनोद. १२ मार्च १९१४ ला तो गेला, तेव्हा त्याच्या नावावर साडेतीनशेहून जास्त पेटंटं होती.

आता कोणी म्हणेल, रेल्वेचं आम्हाला काय? तर हायवेवर न्हावा शेव्याकडे जाणारा कंटेनर ट्रेलर बघा. ट्रकपासून ट्रेलरला गेलेल्या हवेच्या नळ्यांपैकी एक कायम भरलेली असते. ती तुटली की ट्रेलर स्वतःच ब्रेक धरतो. अमेरिकेत पिकअपमागे कॅम्पर ट्रेलर लावतात, त्याचे ब्रेक सहसा विजेवर चालतात आणि ड्रायव्हरजवळ त्यांचा कंट्रोलर असतो. तो निवडताना वेस्टिंगहाऊसचेच तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, ट्रेलर सुटला तर काय? त्यासाठी ट्रेलरवर वेगळी बॅटरी आणि पिन असते. पिन ओढली गेली की ब्रेक लागतो. दुसरा, पुढचं आणि मागचं वाहन एकाच वेळी थांबतं का? स्वस्तातला कंट्रोलर पेडल दाबलं की ठरावीक वेगाने करंट वाढवतो. चांगला कंट्रोलर गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतोय ते मोजून त्या प्रमाणात ब्रेक देतो. तिसरा, चाक जाम होत नाही ना? रिकाम्या ट्रेलरला भरलेल्या ट्रेलरची सेटिंग ठेवली तर ते होणारच.

आणि आपल्याकडे? कोल्हापूर, सांगलीकडची पोरं हॉस्टेलवर आहेत, त्यांना विचारा. ऊसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन भरलेल्या ट्रॉल्या धावतात. त्यातल्या कितीतरी ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. उतारावर मागचा ऊस पुढच्या ट्रॅक्टरला ढकलतो, आणि हुक तुटला तर सगळं देवावर सोडायचं. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर एका कॉलेज सोडलेल्या पोराने १८७२ मध्ये शोधलं, तो आपल्या रस्त्यांवर अजून शिल्लक आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय सापडत नाही म्हणणाऱ्यांनो, परवडणारा आणि हुक तुटल्यावर आपोआप लागणारा ट्रॉलीचा ब्रेक करून दाखवा. बघा जमतंय का!