डॉ. आनंदीबाई जोशी आणि क्षयरोग

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्या मराठी घरांत आदराने घेतले जाते. पण ज्या रोगाने त्यांना नेले तो शरीरात काय करतो, हे थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून आज आम्ही दोन्ही गोष्टी एकत्र सांगत आहोत.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांतच गेला, आणि त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. गोपाळरावांनी शिक्षणाचा ध्यास घेतला हे खरे; पण त्यापायी त्यांनी पत्नीला जाचही केला, हे लपवू नये असे आम्हांला वाटते.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असे मानणारा तो काळ. (मॉरिशसला आलेल्या आमच्या पूर्वजांनी तो आधीच ओलांडला होता, पण पोटासाठी, त्यांना कोण विचारतो?) फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात कडाक्याची थंडी, अपुरा आहार आणि रात्रंदिवस अभ्यास. ११ मार्च १८८६ रोजी पदवी हाती आली. प्रकृती मात्र ढासळत चालली होती.

क्षयाचा जंतू रोग्याच्या खोकल्यातून हवेत येतो आणि श्वासाबरोबर दुसऱ्याच्या फुप्फुसात उतरतो. रक्तातील पांढऱ्या पेशी त्याला गिळतात, परंतु तो त्यांना पचत नाही. उलट त्यांच्याच पोटात वाढतो. मग शरीर त्याच्याभोवती पेशींची भिंत रचून लहान गाठ तयार करते. बहुतेकांच्या शरीरात तो त्या गाठीतच वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. लागण झालेल्या दहांपैकी एखाद्यालाच पुढे रोग होतो. पण उपासमार, अतिश्रम वा दुसरे आजारपण यांनी शक्ती खचली, की भिंत ढासळते. गाठीचा मध्य मरून चक्क्यासारखा मऊ होतो, तो खोकल्यावाटे बाहेर पडतो आणि फुप्फुसात पोकळी उरते. त्या पोकळीतली रक्तवाहिनी फुटली की थुंकीतून रक्त येते. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, मंदावलेली भूक. अंगावरचे मांस झडत जाते. क्षय म्हणजे झीज, हे नाव उगाच पडलेले नाही.

आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या त्याच्या वर्षभर आधी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू शोधल्याचे जाहीर केले होते. म्हणजे शत्रूचे नाव कळले होते, हत्यार मात्र नव्हते. क्ष-किरण १८९५ साली सापडले. स्ट्रेप्टोमायसीन हे पहिले गुणकारी औषध यायला १९४३ साल उजाडले. आज सहा महिने नेमाने गोळ्या घेतल्या तर बहुतेक रोगी बरे होतात. मात्र बरे वाटले म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या तर चिवट जंतू मागे उरतात, आणि मग तीच औषधे त्यांच्यावर चालत नाहीत.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागा आनंदीबाईंसाठी ठरली होती. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या खंगलेल्या स्थितीत. त्या जागेवर त्यांना बसता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेत, ज्यांना त्या मावशी म्हणत त्या कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या. बाईंनी पकिप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्यांना जागा दिली.