अभियांत्रिकी की भौतिकशास्त्र? होमी भाभांची निवड

ऑगस्ट १९२८. केंब्रिज विद्यापीठात यांत्रिकी अभियांत्रिकीचे पहिले वर्ष संपवलेल्या अठरा वर्षांच्या एका पारशी विद्यार्थ्याने मुंबईला वडिलांना पत्र लिहिले. अभियंत्याची नोकरी किंवा व्यवसाय आपल्या स्वभावाशी जुळणारा नाही; आपला मार्ग भौतिकशास्त्राचा आहे आणि त्यावरून आपल्याला चालू द्यावे, अशी विनंती त्यात होती. हा विद्यार्थी म्हणजे पुढे भारतीय अणुविज्ञानाचा पाया घालणारे डॉ. होमी जहांगीर भाभा.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुशिक्षित, संपन्न घरात त्यांचा जन्म झाला. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते, तर वडील जहांगीर हे ऑक्सफर्डला शिकलेले बॅरिस्टर. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात ग्रंथसंग्रह होता, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या. होमी चित्रेही उत्तम काढत. पंधराव्या वर्षी सीनियर केंब्रिज परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा परदेशी जाण्यास त्यांचे वय लहान होते. म्हणून त्यांनी काही काळ एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिक्षण घेतले आणि १९२७ मध्ये केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात प्रवेश मिळवला.

त्यांच्यासाठी घरच्यांनी आखलेली वाट स्पष्ट होती. मुलाने अभियंता व्हावे, परत यावे आणि टाटांच्या जमशेदपूर येथील पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी वडिलांची आणि दोराबजींची इच्छा होती. या इच्छेत व्यवहारज्ञान होते. त्या काळच्या भारतात भौतिकशास्त्राच्या पदवीधराला अध्यापनाखेरीज फारशी संधी नव्हती. खुद्द चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीही याच विषयातील पदव्युत्तर शिक्षणानंतर १९०७ मध्ये सरकारच्या अर्थखात्यात नोकरी धरली होती आणि पुढची दहा वर्षे ते संशोधन फावल्या वेळात करत होते.

परंतु केंब्रिजमधील वातावरण तरुण मनाला वेगळ्याच दिशेने खेचत होते. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे नेतृत्व तेव्हा अर्नेस्ट रदरफोर्ड करत होते. १९२८ मध्येच पॉल डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनचे सुप्रसिद्ध समीकरण मांडले. अणूच्या अंतरंगाविषयीच्या कल्पना पार बदलून जात असताना आपण यंत्रांचे आराखडे काढत बसलो आहोत, ही जाणीव होमींना सतावू लागली.

वडिलांनी विनंती फेटाळली नाही. मात्र ती सरळ मान्यही केली नाही. त्यांनी एक अट घातली. हाती घेतलेला अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडायचा नाही. त्यात प्रथम वर्ग मिळाला, तर पुढे केंब्रिजमध्येच राहून गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेसाठी अभ्यास करण्याचा खर्च ते देतील. सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे जाण्याचा केंब्रिजमधील रस्ता याच परीक्षेतून जात असे. म्हणजे नावडत्या विषयात अव्वल ठरल्यावरच आवडता विषय हाती येणार होता. होमींनी अट स्वीकारली. १९३० मध्ये यांत्रिकी ट्रायपॉस त्यांनी प्रथम वर्गात पार केली. वडिलांनी शब्द पाळला. १९३२ मध्ये गणिताच्या ट्रायपॉसमध्येही होमींना प्रथम वर्ग मिळाला. या काळात डिरॅक यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. १९३३ मध्ये विश्वकिरणांवरील त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या परस्परांवरील विकिरणाचे त्यांनी केलेले गणित आज ‘भाभा विकिरण’ म्हणून ओळखले जाते. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. अवकाशातून आलेल्या एका वेगवान इलेक्ट्रॉनपासून प्रकाशकण निर्माण होतो, त्यापासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी, त्यांच्यापासून पुन्हा प्रकाशकण, अशी साखळी वातावरणात वाढत जाते, हे त्यांनी दाखवले.

१९३९ मध्ये सुट्टीसाठी मायदेशी आलेले असताना महायुद्ध सुरू झाले आणि भाभा येथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते रामन यांच्या विभागात काम करू लागले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. भौतिकशास्त्र शिकलेल्या तरुणाला देशात वाव नाही, ही वडिलांना वाटणारी काळजी किती खरी होती, हे त्यांना आता जवळून दिसत होते. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्था उभारण्याचा प्रस्ताव ठेवला. पुढील वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. ज्या दोराबजींना भाचा पोलाद कारखान्यात हवा होता, त्यांच्याच नावाच्या न्यासाने त्याच्या विज्ञानाला आधार दिला.

अभियांत्रिकीची वर्षेही वाया गेली नाहीत. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद आल्यावर समीकरणांइतकीच इमारती, यंत्रसामग्री आणि कारखानदारी यांची जाण त्यांना उपयोगी पडली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिचे इंधन ब्रिटनहून आले होते. आराखडा आणि बांधणी भारतीयांची होती.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात भाभांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ५६ वर्षांचे होते. पुढील वर्षी तुर्भ्याच्या संशोधन केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. भौतिकशास्त्र घेतलेल्या असंख्य भारतीय तरुणांना त्या केंद्रात आणि टाटा संस्थेत काम मिळाले. विषय निवडताना वडिलांसमोर ज्या प्रश्नाचे उत्तर होमींकडे नव्हते, ते त्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी असे उभे केले.