शाळेत न गेलेले शिक्षणमंत्री

दरवर्षी ११ नोव्हेंबर आला की हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या अनेक शाळांतून मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या तसबिरीला हार घातला जातो. २००८ सालापासून हा दिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळतात. मुले भाषणे पाठ करून येतात : स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोग, खरगपूरची आयआयटी. हे सारे खरेच आहे. परंतु ही कामे करणारा माणूस स्वतःला कसा घडवीत गेला, हे भाषणांत सहसा येत नाही. प्रस्तुत लेखात तेवढेच सांगावयाचे आहे.

मौलानांचा जन्म १८८८ साली मक्का शरीफ येथे झाला. आई अरब घराण्यातील, त्यामुळे घरची भाषा अरबी. लहानपणीच कुटुंब कलकत्त्यास येऊन स्थायिक झाले. वालिद मौलाना खैरुद्दीन हे मोठे पीर होते आणि नव्या पद्धतीच्या शिक्षणावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. मुलाला त्यांनी मदरशातही घातले नाही. प्रथम स्वतः शिकविले, मग निवडक उस्ताद घरी बोलाविले. जो दर्स-ए-निजामीचा अभ्यासक्रम पुरा करण्यास इतरांना विसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत लागे, तो या मुलाने सोळाव्या वर्षीच संपविला. वालिदांनी पंधरा-एक विद्यार्थी जमवून त्यांना शिकविण्याचे काम त्याच्यावर सोपविले.

येथे कोणीही थांबला असता. विद्वान म्हणून मान मिळाला होता, पुढे पीराची गादीही वाट पाहत होती. पण याच सुमारास सर सय्यद अहमद खान यांचे लेखन त्यांच्या वाचनात आले आणि आधुनिक विज्ञान व तत्त्वज्ञान यांच्याशी ओळख नसेल तर आपली तालीम अपुरीच, अशी खूणगाठ त्यांनी मनाशी बांधली. त्यासाठी इंग्रजी हवी. एका परिचित मौलवी साहेबांकडून त्यांनी मुळाक्षरे गिरवून घेतली, एक प्राथमिक पुस्तक पुरे केले, आणि लगेच बायबल हाती घेतले. इंग्रजी, फारसी व उर्दू अशा तिन्ही प्रती समोर मांडून ओळीशी ओळ ताडून पाहावयाची, ही त्यांची रीत. पुढे शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजी वर्तमानपत्रे. अशा रीतीने इतिहास आणि तत्त्वज्ञानाचे इंग्रजी ग्रंथ त्यांना वाचता येऊ लागले. शिकवणी लावल्याशिवाय आमचा मुलगा शिकत नाही, अशी तक्रार करणाऱ्या पालकांनी ही हकीकत मुलांना जरूर सांगावी. पण त्याआधी घरात एक शब्दकोश आणून ठेवावा.

वाचनाबरोबर मनात शंकाही आल्या. वारशाने मिळालेली प्रत्येक गोष्ट तपासून पाहण्याचा तो काळ होता. पुष्कळ अस्वस्थतेनंतर त्यांची श्रद्धा स्थिरावली, परंतु ती आता त्यांची स्वतःची होती. आझाद हे नाव त्यांनी धारण केले ते याच दिवसांत. त्याच तरुणपणी ते सतारही शिकले आणि काही वर्षे नेटाने रियाज केला. मुरीदांनी हात चुंबावेत हे त्यांना रुचत नसे. पीराची गादी त्यांनी घेतली नाही.

१९१२ साली निघालेले ‘अल-हिलाल’, त्यावरची सरकारची गदा, रांचीची नजरकैद हे सर्वांस ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट कुरआन शरीफच्या उर्दू भाषांतराची. ‘तर्जुमानुल कुरआन’चे त्यांचे कागद पोलिसांनी झडतीत दोनदा उचलून नेले. परत मिळाले ते फाटलेले, विस्कटलेले. वर्षांची मेहनत अशी मातीमोल झाल्यावर काही काळ त्यांनी लेखणी खाली ठेवली, यात नवल नाही. मग १९२७ मध्ये ते पुन्हा पहिल्यापासून लिहावयास बसले. पहिला खंड १९३१ साली आणि दुसरा १९३६ साली निघाला.

या माणसाच्या शिस्तीची खरी कसोटी मात्र आपल्या महाराष्ट्रातच लागली. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत त्यांना अटक झाली. काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून ‘भारत छोडो’चा ठराव त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाला होता. जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदींबरोबर त्यांना अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) किल्ल्यात ठेवण्यात आले. कैद किती दिवसांची, हे कोणी सांगितले नव्हते. अशा वेळी माणूस उशिरापर्यंत लोळतो, दिवस ढकलतो. मौलाना पहाटे तीन-चारला उठत. उशिरा रात्री उठण्याची ही सवय बालपणापासूनची. स्वतःच्या हाताने बिनदुधाचा चिनी चहा करीत आणि त्या शांततेत लिहावयास बसत.

ते लेखन म्हणजे नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्रास लिहिलेली पत्रे. शेरवानी साहेब हे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि उच्च शिक्षणासाठी आपल्या भागातील मुलांची नजर उस्मानियाकडेच लागलेली असे, म्हणून हा उल्लेख. पत्रे बाहेर पाठविण्याची मुभा नव्हती. ती पोहोचणार नाहीत हे ठाऊक असूनही मौलाना लिहीत राहिले. चहा, फुले, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या, संगीत, ईश्वराचे अस्तित्व असे नाना विषय त्यांत आले. १९४६ साली ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली.

याच पत्रांत एक पत्र बेगम जुलेखा यांच्याविषयी आहे. आपल्या स्मरणिकांतून त्यांचे नाव क्वचितच येते, ही आपली चूक आहे. लग्न लहान वयात झाले आणि संसाराची बरीच वर्षे पतीच्या कैदेत गेली. ३ ऑगस्ट १९४२ रोजी मौलाना कलकत्त्याहून निघाले तेव्हा आजारी जुलेखा बेगम दारापर्यंत आल्या आणि खुदा हाफिज एवढेच म्हणाल्या. मार्च १९४३ मध्ये त्यांची प्रकृती चिंताजनक असल्याची खबर किल्ल्यात आली. सरकारकडे काही विनंती करावयाची असल्यास ती त्वरित पोहोचवू, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचविले. मौलानांनी इंग्रज सरकारकडे काहीही मागण्यास नकार दिला. दिनक्रमात तसूभर फरक पडू दिला नाही. ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी लेखन. मात्र वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याची पावले वाजली की काळीज धडधडे, आणि चेहऱ्यावरची शांती हा बराचसा देखावा होता, हे त्यांनी त्या पत्रात लपविलेले नाही. ९ एप्रिल १९४३ रोजी जुलेखा बेगम अल्लाहला प्याऱ्या झाल्या. काही महिन्यांनी भोपाळला बहीणही गेली.

विनंती न करण्यात त्यांचे बरोबर होते का? काँग्रेसच्या अध्यक्षाने शत्रूपुढे हात पसरू नये, हे पटते. पण त्या निश्चयाची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारले नव्हते, हेही मनातून जात नाही. स्वतः मौलानांना ते सलत असावे, असे त्या पत्रावरून वाटते.

जून १९४५ मध्ये त्यांची सुटका झाली. कलकत्त्याच्या हावडा स्थानकावर स्वागतास प्रचंड जनसमुदाय लोटला होता, वाद्ये वाजत होती, मोटार हारांनी भरून गेली होती. मौलानांनी मोटार घराकडे न नेता कब्रस्तानाकडे वळवावयास सांगितले. त्या हारांतला एक उचलून त्यांनी पत्नीच्या कबरीवर ठेवला आणि मूकपणे फातेहा पढली.