सॅव्हॉयचा राजा : चिक वेब

शाळेच्या बँडपथकात नावे नोंदविण्याची वेळ आली म्हणजे जी मुले ड्रम मागण्यास येतात, त्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. माझे हात लहान आहेत, मला ड्रम जमेल काय? स्वरलिपी वाचता येत नाही, ती आधी शिकावी लागेल काय? घरी ड्रम नाही, मग सराव कशावर करावा? जलद वाजविणे किती दिवसांत साधेल? आणि मुलांच्या मागे उभ्या असलेल्या पालकांचा एक प्रश्न निराळाच असतो : ह्या गोंगाटापासून मुलाला लाभ तो कोणता? ह्या प्रश्नांची उत्तरे नियमांच्या रूपाने देता येतात व आम्ही ती देतोही. परंतु नियम लवकर विसरले जातात. म्हणून यंदा आम्ही अशा एका वादकाचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे, की ज्याच्यापुढे हेच प्रश्न आपल्याहून फार कठीण रूपाने उभे राहिले होते.

विल्यम हेन्री वेब ह्याचा जन्म अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी १० फेब्रुवारी रोजी झाला. जन्मवर्षाविषयी चरित्रकारांत मतभेद आहे; परंतु १९०५ हे वर्ष आता बहुधा ग्राह्य धरितात. कुटुंब कृष्णवर्णीय व गरीब. लहानपणीच त्याच्या पाठीच्या कण्यास क्षयाने ग्रासले. जीव वाचला, परंतु पाठीस कायमचे पोक आले आणि उंची खुंटली. पुढे मोठा झाल्यावरही तो चार फुटांहून फारसा उंच नव्हता. सोबती त्याला चिक, म्हणजे कोंबडीचे पिल्लू, म्हणू लागले. नाव थट्टेने पडले खरे. पण पुढे त्याच नावाने सारे न्यूयॉर्क त्याला ओळखू लागले, आणि विल्यम हे नाव कागदावरच राहिले.

मुलाचे आखडलेले अवयव मोकळे व्हावेत म्हणून त्याला ड्रम वाजवू द्यावा, असे डॉक्टरांनीच सुचविले, असे सांगतात. वर उल्लेखिलेल्या पालकांनी ह्याची नोंद घ्यावी. ड्रम घेण्यास पैसे कोठून आणावेत? चिक रस्त्यावर वर्तमानपत्रे विकू लागला आणि त्या पैशांतून त्याने आपले पहिले ड्रम घेतले. तोवर घरातील भांड्याकुंड्यांवर त्याचा ठेका चालत असे.

येथे थोडे थांबून आमच्या होतकरू वादकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. ड्रम नाही म्हणून सराव अडला, ही सबब खरी नव्हे. लाकडी पाटावर रबराचा तुकडा चिकटविला की काम भागते. काठी जाड टोकाकडून सुमारे एक तृतीयांश अंतरावर, अंगठा व तर्जनी ह्यांच्यामध्ये हलकेच धरावी. मूठ आवळू नये, कारण आघातानंतर काठीने आपोआप उसळावे, हीच तर सारी युक्ती आहे. मग उजवा, डावा, उजवा, डावा असे एकेक आघात तोंडाने मोजीत अगदी सावकाश वाजवावेत. ते सारख्या आवाजाचे व सारख्या अंतराचे झाले, म्हणजे प्रत्येक हाताचे दोन-दोन. उजवा हात गडगडतो व डावा कुजबुजतो, हा दोष जवळजवळ प्रत्येक मुलात असतो. त्यावर उपाय एकच, की डाव्यास रोज थोडे अधिक काम द्यावे. उशीवर वाजविल्याने मनगट बळकट होते खरे, पण उशी काठीस उसळू देत नाही. म्हणून केवळ उशीवरच शिकलेला मुलगा खऱ्या ड्रमपुढे बसला म्हणजे गोंधळतो.

चिक लहान वयातच पैसे घेऊन वाजवू लागला. बाल्टिमोरजवळ चेसापीकच्या उपसागरात सहलीच्या आगबोटी चालत, त्यांवरील वाद्यवृंदात त्याने उमेदवारी केली. विशीच्या आतच तो न्यूयॉर्कला गेला, आणि १९२६ साली हार्लेम ह्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत त्याचा स्वतःचा वाद्यवृंद उभा राहिला. आरंभीची वर्षे हलाखीची होती. काम आज मिळे, उद्या नसे.

आता स्वरलिपीचा प्रश्न. चिक वेबला ती कधीच वाचता आली नाही. हे ऐकताच काही मुलांचे चेहरे उजळतील, म्हणून पुढचेही नीट ऐकावे. नवी रचना आली म्हणजे वादक ती कागदावरून वाजवीत, आणि चिक ती ऐकून मुखोद्गत करी. केवळ आपला ठेका नव्हे, तर तुतारीवाल्यांनी कोठे उठावे, सॅक्सोफोनवाल्यांनी कोठे थांबावे, हे सर्व. कोणी चुकला तर त्याचा भाग तो गुणगुणून दाखवी. डझनभर माणसांचे काम त्याने डोक्यात साठविले होते, आणि रंगमंचाच्या मध्यभागी उंच चौथऱ्यावर बसून तो ड्रमच्या इशाऱ्यांनी त्या सर्वांस चालवी. तेव्हा जो वाचावयास शिकणार नाही, त्याला वाचणाऱ्याच्या दसपट लक्षात ठेवावे लागते. आमच्या मते वाचावयास शिकणे हेच स्वस्त पडते. परंतु कान आधी आणि डोळा मागून, हा क्रम मात्र चिकच्या उदाहरणावरून पक्का धरावा.

शरीराच्या उणेपणावर त्याने जो तोडगा काढला, तो तर प्रत्येक नवशिक्याने पाहण्याजोगा आहे. पायाने वाजवावयाचा त्याचा बेस ड्रम अठ्ठावीस इंची होता. त्याच्यामागे बसलेला चिक श्रोत्यांस जेमतेम दिसे. परंतु पायाखालच्या पट्ट्या त्याने आपल्या आखूड पायांच्या मापाने करवून घेतल्या होत्या, आणि झांजा हंसाच्या मानेसारख्या वाकविलेल्या दांड्यांवर हाताच्या टप्प्यात आणून टांगिल्या होत्या. त्याने वाद्य आपल्या देहास जुळवून घेतले. आमची मुले नेमके ह्याच्या उलट करितात. मागच्या मुलाने ठेवलेल्या उंचीच्या स्टुलावर बसतात, खांदे वर चढवून वाजवितात, आणि चार दिवसांनी खांदा दुखतो म्हणून तक्रार करितात. बसल्यावर मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरत्या असाव्यात, कोपरे अंगाजवळ सैल लोंबावीत, आणि काठी ड्रमच्या मध्यावर सहज पडावी. हात लहान असल्याने काही अडत नाही. बैठक चुकली म्हणजे मात्र सर्वच अडते.

हार्लेममधील सॅव्हॉय नावाचे भव्य नृत्यगृह १९२६ साली उघडले होते. वर्णभेदाच्या त्या काळात न्यूयॉर्कमधील कित्येक नामांकित जागी कृष्णवर्णीय वादकांनी वाजवावे, परंतु कृष्णवर्णीय पाहुण्यांनी आत येऊ नये, असा विलक्षण न्याय होता. सॅव्हॉयमध्ये मात्र गोरे व काळे एकाच जमिनीवर नाचत. तेथे वाद्यवृंदांसाठी दोन मंच होते; एक थांबला की दुसरा सुरू होई, म्हणून संगीतास खंड असा नव्हता. १९३१ पासून चिक वेबचा वृंद हा तेथील मुख्य वृंद झाला. सॅव्हॉयचे नर्तक मोठे चोखंदळ असत. ठेका रेसभर ढळला तरी पाय ते ओळखीत. चिक जलद वाजवी, विजेसारखा वाजवी; परंतु त्या नर्तकांस त्याच्याकडून हवी होती ती गती नव्हे, तर न ढळणारी लय. १९३७ सालची हार्लेम काँगो व १९३८ सालची लायझा ह्या त्याच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात. त्यांत त्याचे स्वतंत्र वादन थोडकेच आहे, आणि कितीही चमकदार तुकडा वाजवून तो परतला तरी लय जेथल्या तेथे सापडते. जलद वाजविणे केव्हा साधेल, असे विचारणाऱ्यांनी त्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. आम्हांस निराळे उत्तर देण्याची गरज राहणार नाही.

दोन वृंदांचे सामने हा तेव्हाचा मोठा सोहळा असे. ११ मे १९३७ रोजी बेनी गुडमन ह्याचा नामांकित वृंद सॅव्हॉयमध्ये चिकशी सामना देण्यास आला. गुडमनचा ड्रमवादक जीन क्रुपा हा त्या वेळी देशातील सर्वांत लोकप्रिय ड्रमवादक होता. आत सुमारे चार हजार माणसे दाटली आणि हजारोंना बाहेरूनच परतावे लागले. त्या रात्री चिक जिंकला, हे तेथे जमलेल्या कोणास सांगावे लागले नाही. क्रुपाने आपली हार मोकळ्या मनाने मान्य केली व पुढे जन्मभर तो चिकविषयी आदरानेच बोलत राहिला. पुढच्या जानेवारीत काउंट बेसीच्या वृंदाशी झालेल्या सामन्याच्या निकालाबद्दल मात्र नियतकालिकांत एकमत झाले नाही.

एला फिट्झजेराल्ड ही पुढे जगप्रसिद्ध झालेली गायिका ह्याच वृंदातून पुढे आली. ती आईवेगळी, निराधार मुलगी. तिचा अव्यवस्थित वेश पाहून तिला ठेवण्यास चिक प्रथम नाखूष होता, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु एका नृत्यप्रसंगी तिची परीक्षा झाली आणि १९३५ साली त्याने तिला वृंदात घेतले. मुलांच्या एका बडबडगीतावरून रचलेले तिचे गाणे १९३८ साली घरोघरी पोहोचले आणि वृंदास प्रथमच खरी सुबत्ता दिसू लागली.

ती त्याला फार दिवस लाभली नाही. कण्याच्या दुखण्याने आता सारे शरीर पोखरले होते. वेदना होत, तो त्या बोलून दाखवीत नसे. कार्यक्रम संपल्यावर त्यास कधी कधी मूर्च्छा येई, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चौथऱ्यावर बसलेला दिसे. अमेरिकेतील मंदीचे ते दिवस होते. आपण थांबलो तर वृंदातील माणसांच्या चुली थांबतील, ही त्याला चिंता होती. विश्रांती न घेण्याचा हा हट्ट आम्ही मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवीत नाही. परंतु तो हट्ट टाळ्यांसाठी नव्हता, एवढे सांगणे अवश्य आहे.

जून १९३९ मध्ये त्यास जन्मगावी, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात नेण्यात आले. तेथे शस्त्रक्रिया झाली. परंतु १६ जून रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्याने देह ठेविला. अंत्यविधीच्या वेळी एलाने गाणे म्हटले. १९४७ साली पूर्व बाल्टिमोरमध्ये त्याच्या नावाचे क्रीडा व करमणूक केंद्र उघडण्यात आले. त्याचा वृंद मात्र मोडला नाही. एलाने तो आपल्या नावाने १९४२ पर्यंत चालविला, आणि चिकच्या ड्रमामागील जागेवर बिल बीसन हा वादक बसू लागला.