योहान राडोन : न फोडता आत पाहण्याचे गणित

पुलाच्या काँक्रीट खांबात पोकळी आहे काय, हे खांब न फोडता पाहायचे असते. एका बाजूने अल्ट्रासाउंडच्या लहरी सोडतात आणि दुसऱ्या बाजूस त्या किती वेळात पोहोचल्या हे मोजतात. पोकळीला वळसा घालावा लागला की लहर उशिरा येते. पण हा वेळ म्हणजे संपूर्ण वाटेवरची बेरीज; पोकळी वाटेत नेमकी कोठे, हे एका मापनातून कळत नाही. अनेक दिशांच्या अशा बेरजांवरून आतले चित्र उभे करता येते, हे गणिताने दाखवून दिले ते योहान राडोन यांनी. आपल्यापैकी जे या तपासणीच्या व्यवसायात आहेत, त्यांच्या संगणकात हे नाव रोजचे आहे. माणूस मात्र फारसा परिचित नाही.

राडोन यांचा जन्म १६ डिसेंबर १८८७ रोजी बोहेमियातील देचिन येथे झाला. व्हिएन्ना विद्यापीठाने १९१० मध्ये त्यांना डॉक्टरेट दिली. पहिले महायुद्ध सुरू असता, दृष्टी अधू असल्याने ते सैन्यातून वगळले गेले. त्याच काळात, १९१७ साली, त्यांचा तो निबंध लाइपझिग येथील सॅक्सन विद्वत्सभेच्या वृत्तांतात छापला गेला. त्यात कोणत्याही यंत्राचा विचार नव्हता. सरळ रेषांवरील बेरजा ज्ञात असतील तर मूळ फलन परत कसे मिळवावे, एवढाच प्रश्न होता. प्रत्यक्ष काँक्रीटमध्ये लहरीची वाट सरळ राहत नाही, म्हणून आजच्या पद्धती अंदाजित वाट पुनःपुन्हा सुधारून घेतात. पाया मात्र तोच.

पुढे हॅम्बुर्ग, ग्राइफ्सवाल्ड, एर्लांगेन अशी प्राध्यापकी करत १९२८ मध्ये ते ब्रेस्लाऊला आले. गणितात त्यांना मान होता. घरी मात्र आघातामागून आघात. तीन मुलांपैकी एक तान्हेपणीच गेले, दुसरा १९३९ मध्ये आजाराने, तिसरा १९४३ मध्ये रशियाच्या आघाडीवर. १९४५ मध्ये ब्रेस्लाऊही सोडावे लागले. परागंदा कुटुंब इन्सब्रुकला पोहोचले. व्हिएन्नात ते पुन्हा प्राध्यापक झाले, १९५४-५५ मध्ये विद्यापीठाचे रेक्टरही. २५ मे १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

सात-आठ वर्षांनी अ‍ॅलन कॉर्मॅक यांनी क्ष-किरणांसाठी हाच प्रश्न स्वतंत्रपणे सोडवला. राडोन यांनी तो आधीच सोडवला होता, हे त्यांना १९७० च्या दशकाच्या आरंभी समजले. १९७९ च्या नोबेल पारितोषिकात कॉर्मॅक वाटेकरी होते.