कै. रघुनाथराव कर्वे : एक कृतज्ञ स्मरण

भगिनींनो, स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे नाव पुढे आले. मी मात्र त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांच्याविषयी लिहीत आहे. का, ते शेवटी कळेल.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. १८९१ साली त्यांची आई राधाबाई वारल्या. मुलगा हुशार, पुढे मुंबईस विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. हा विषय उच्चारणेही तेव्हा पाप होते. १९२५ साली प्राध्यापकी सुटली, पण काम सुटले नाही. पत्नी मालतीबाईंनी खंबीर साथ दिली. दोघांनी आपण होऊन मूल होऊ दिले नाही.

जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. कुणाजवळ बोलता येत नाही असे प्रश्न वाचक त्यांना लिहून कळवीत व ते शास्त्राच्या आधारे सरळ उत्तर देत. या उत्तरांवरूनच १९३४ साली खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. खटला हरला, दंड झाला. मासिक मात्र चालूच राहिले. पुढे मालतीबाई गेल्या. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावही निवर्तले.

शरीरसुख केवळ संततीसाठी नाही आणि त्यावर स्त्रीचाही तितकाच हक्क आहे, असे त्यांचे मत होते. हे वाचले तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. पाळी जाऊन दहा वर्षे झाली होती. जवळीक दुखरी झाली होती, म्हणून मी यजमानांना टाळीत होते. आता आपले वय का ते, एवढेच म्हणे. त्यांना वाटले, माझे मन उडाले. चार वर्षे आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत निजलो. मग मनात आले, संततीचा प्रश्नच जिथे संपला, तिथे प्रेमही संपावे असे कुठे आहे?

धीर करून डॉक्टरीणबाईंकडे गेले. पाळी गेल्यावर शरीरातील स्त्रीरस कमी होतो, आतील त्वचा कोरडी व नाजूक होते. त्यावर मलम आहे, औषध आहे, असे त्यांनी समजावले. पाळी थांबून वर्ष झाल्यावर एक थेंबही रक्त दिसले तर लगेच तपासून घ्या, हेही बजावले. संसर्ग वय पाहत नाही, हे मला तिथेच कळले. घरी येऊन यजमानांना सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आधी का नाही बोललीस?

आज आमची खोली पुन्हा एक आहे. ज्या भगिनीला असा प्रश्न असेल, तिने हळदीकुंकवानंतर मला बाजूला घ्यावे. डॉक्टरीणबाईंकडे मी सोबत येईन.