रुडॉल्फ मातास

रुडॉल्फ मातास (१२ सप्टेंबर, १८६० – २३ सप्टेंबर, १९५७) हे अमेरिकी शल्यचिकित्सक होते. रक्तवाहिन्यांच्या आधुनिक शस्त्रक्रियेच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

जीवन

कॅटलान मातापित्यांच्या पोटी लुइझियाना राज्यात न्यू ऑर्लिन्सजवळ त्यांचा जन्म झाला. वयाच्या १९व्या वर्षी, १८८० मध्ये, ते वैद्यकाचे पदवीधर झाले. पुढे तुलेन विद्यापीठात ते १९२७ पर्यंत शल्यचिकित्सेचे प्राध्यापक होते. एका शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाकडून झालेल्या जंतुसंसर्गाने त्यांचा एक डोळा गेला. त्यानंतरही त्यांनी शस्त्र खाली ठेवले नाही.

रोहिणीविस्फारावरील कार्य

रोहिणीची भिंत दुबळी होऊन तिला फुगा आला म्हणजे त्यास रोहिणीविस्फार म्हणतात. तो फुटल्यास रक्तस्रावाने मृत्यू ओढवतो. त्या काळी विस्फाराच्या वरच्या बाजूस रोहिणी बांधणे हा रूढ उपाय होता. १८८८ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या चॅरिटी रुग्णालयात, बंदुकीच्या छऱ्यांनी जखमी झालेल्या एका तरुण शेतमजुराच्या दंडात असा विस्फार आढळला. मातास यांनी रोहिणी प्रथम वरून आणि मग खालूनही बांधली, तरी फुग्यातील स्पंदन थांबेना. अखेर त्यांनी फुगा उघडला, गुठळ्या काढल्या आणि आत उघडणारी रक्तवाहिन्यांची सर्व मुखे आतूनच शिवून टाकली. हात वाचला. ही पद्धत तपशीलवार मांडण्यास मात्र त्यांनी १९०२ पर्यंत वाट पाहिली.

महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रोहिणी, बांधण्याचा प्रयोग लंडनमध्ये अ‍ॅस्टली कूपर यांनी १८१७ मध्येच केला होता. तो रुग्ण दोन दिवसही जगला नाही. १९२३ मध्ये मातास यांनी एका तरुणीची उदरातील महारोहिणी सुती फितीने बांधली. ती सुमारे दीड वर्ष जगली आणि क्षयाने वारली, विस्फाराने नव्हे. पर्यायी वाहिन्यांतून पायांना पुरेसे रक्त पोचते किंवा नाही, हा अशा वेळी कळीचा प्रश्न असतो. तो आधीच पारखण्याची चाचणीही मातास यांनी घालून दिली.

पुढील काळ

१९५० नंतर कृत्रिम नलिका आल्या आणि महारोहिणी बांधण्याची गरज सरली असे वाटले. परंतु विस्फारात किंवा बसविलेल्या नलिकेत जंतुसंसर्ग झाला, तर त्या जागी नवी नलिका टिकेलच असे नाही. अशा रुग्णात दूषित भाग काढून महारोहिणीचे टोक शिवून बंद करतात आणि पायांचे रक्त काखेतील रोहिणीपासून मांडीपर्यंत त्वचेखालून नेलेल्या नलिकेने पुरवितात. शिवलेले टोक पुन्हा दूषित होऊन फुटणे, ही त्यातील सर्वांत मोठी भीती आजही कायम आहे.